मामा काही बोलले नाहीत

३ ऑगस्ट २०१८, शुक्रवार

दुपारी एल्फित्री चहा आणि तळलेली केळी घेऊन माझ्या खोलीत आली. माझी ही भाची गुणी आहे. चार वर्षांपूर्वी बायको गेली आणि तिच्या माहेरच्या घरातून (आमच्यात नवरा तिथेच नांदतो) माझी पेटी, पुस्तकं आणि मी एका टांग्यातून इथे आलो. माझ्या मरून गेलेल्या बहिणीचं हे घर. एल्फित्रीनं मागची खोली आधीच झाडून ठेवली होती. खिडकीतून सागो डोंगर दिसतो. म्हाताऱ्याला आणखी काय हवं?

चहाच्या कपाखाली एक कागद होता. "मामा, नाझिराच्या शाळेतून आलाय," ती म्हणाली. गोवर-रुबेलाची लस सगळ्या मुलांना टोचणार आहेत, घरच्यांची संमती हवी. धाकट्या रफ्कीला दहा महिने झालेत, त्यालाही बालकेंद्रात देणार म्हणे. मी कागद वाचला. 'शाळा' हा शब्द दिसला की माझं काय होतं, ते मलाच ठाऊक. छत्तीस वर्षं खडू हातात धरलेला माणूस मी! खिडकीतून सात वर्षांची नाझिरा दप्तर उडवत येताना दिसली आणि ओठांवर आपोआप ओळी आल्या:

तळ्याकाठी हिरवा बांबू,
वारा येता झुके जरा;
लेक निघाली, किती थांबू
दारापाशी मी म्हातारा?

एल्फित्री ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, "छान आहे मामा." कागद उचलून हळूच निघून गेली. केळी अप्रतिम होती.

१० ऑगस्ट, शुक्रवार

आज मशिदीत पाहुण्या तरुण प्रवचनकारानं लशीचा विषय काढला. ती बनवताना डुकराचा अंश वापरतात, पोरांच्या अंगात घालण्याआधी विचार करा, म्हणाला. लोकांत चुळबूळ झाली. घरी येताना माझ्याही मनात खडा होताच. सत्तर वर्षं जपलेली गोष्ट अशी सुईच्या टोकावर यावी!

पण मी कुणाशी काही बोललो नाही. हा आईबापांचा प्रश्न आहे.

१४ ऑगस्ट, मंगळवार

एल्फित्रीचा नवरा अफ्रिझोन दुकानातून लवकर आला. मोटरसायकली दुरुस्त करतो, समुद्राकडचा पोरगा, कष्टाळू. हात घासून घासून धुऊन माझ्यासमोर चटईवर बसला. इतका अवघडून बसला, की मला वाटलं याला दम लागलाय.

"मामा, ती सुई..." म्हणाला. "आमच्याकडे किनाऱ्यावर पुष्कळांनी देऊन टाकली म्हणतात."

"सुई!" मी म्हणालो. "अरे, आमच्या लहानपणी देवीची लस टोचायला माणूस यायचा. सायकलवर, डोक्यावर टोपी. आमचे गुरुजी आम्हाला ओळीत उभं करायचे आणि एकेकाला एकेक कडवं म्हणायला लावायचे. कडवं संपेपर्यंत टोचून झालेलं असायचं! रडायचं कुणाच्या लक्षातच राहायचं नाही." बाही वर करून मी त्याला दंडावरचा वण दाखवला.

अफ्रिझोननं वणाकडे बराच वेळ बघितलं. "म्हणजे मामा, तुमचं म्हणणं..." पण तेवढ्यात मला ते कडवं आठवलं, आणि पुढचं, आणि त्याच्या पुढचंही. पोरगं शेवटपर्यंत बसून होतं. हल्लीच्या तरुणांना कवितेची आवड नाही, असं कोण म्हणतं?

२४ ऑगस्ट, शुक्रवार

ईद झाली. तीन दिवस घर माणसांनी फुलून गेलं होतं. आमच्या कुळातल्या बाकीच्या भाच्या, म्हणजे माझ्या मावसबहिणींच्या मुली, पोरांना घेऊन आल्या. सगळ्या माझ्याभोवती गोल करून बसल्या. मटणाचा वास, पोरांचा कल्ला! यास्नेलीनं विचारलं, "मामा, उलेमांच्या मंडळानं लशीबद्दल सांगितलंय, वाचलंत?"

"वाचलं," मी म्हणालो. तीन वेळा वाचलंय. गोष्ट शुद्ध नाही, पण दुसरी उपलब्ध नाही आणि रोगाचा धोका मोठा आहे, म्हणून तूर्त घ्यायला परवानगी आहे, असा त्याचा सारांश. दार उघडंही नाही, बंदही नाही. दार किलकिलं.

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. काय ते डोळे! मी म्हातारा, तोंडाचं बोळकं, आणि या पोरी अजून माझ्या शब्दाला आसुसलेल्या! मी त्यांना त्यांच्या आजीची ईदेची गोष्ट सांगितली, दूध नासलं होतं ती. हसल्या सगळ्या. जाताना यास्नेलीनं एल्फित्रीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि एल्फित्रीनं नुसती मान हलवली.

२९ ऑगस्ट, बुधवार

सकाळी टपरीवर करवंटीतून कॉफीच्या पानांचा काढा पीत बसलो होतो. आमच्या कुळाचे प्रमुख दातुकही होते. तेवढ्यात खालच्या आळीतला एक जण आला आणि त्यानं मुलाच्या दुकानासाठी कुळाच्या जमिनीचा कोपरा मागितला. दातुकांनी करवंटी खाली ठेवली, आकाशाकडे बघितलं आणि यंदा पेरू कसे किडले, त्यावर पाव तास बोलले. माणूस आभार मानून निघून गेला.

मी पोट धरून हसलो. आमच्याकडे मोठं माणूस कुणाच्या तोंडावर 'नाही' म्हणत नाही. नुसता विषय बदलतं. ज्याला समजायचं त्याला समजतं. कसली सुसंस्कृत रीत!

५ सप्टेंबर, बुधवार

नाझिराच्या शाळेत आज लस टोचली. ती घरी आली ती गाल फुगवून. वर्गात दोन रांगा केल्या होत्या म्हणे, टोचून घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची. "आजोबा, मी भित्र्यांच्या रांगेत होते. मी भित्री नाहीये."

"मग का नाही टोचून घेतलंस?"

"आई म्हणाली, घरात अजून ठरलं नाही."

अजून ठरलं नाही! महिना झाला कागद येऊन. या दोघांना काही कळतं की नाही? शिकलेली माणसं, हातात फोन, आणि एवढा निर्णय घेता येत नाही. मला फार वाटलं की बोलावं. पण मी जीभ चावली.

त्याला कारण आहे. मी सतरा वर्षांचा असताना पादांगच्या महाविद्यालयात भाषा शिकायला जायचं ठरवलं होतं. पत्र आलं होतं, ट्रंक भरली होती. माझा मामा ओट्यावर बसून म्हणाला, "नाही जायचं." आमच्याकडे घर बायकांचं, नवरा पाहुण्यासारखा, आणि पोरांवर शब्द चालतो तो मामाचा. ट्रंक रिकामी केली. गावच्या शाळेत मास्तर झालो. वाईट झालं असं म्हणत नाही, पण त्या दिवशीच ठरवलं होतं, की मी मामा होईन तेव्हा कुणाच्या आयुष्यात तोंड घालणार नाही. सत्तावन्न वर्षं ते पाळलंय. याचा मला थोडा अभिमानही आहे.

१३ सप्टेंबर, गुरुवार

खालच्या वाडीत गोवर आलाय. नाझिराच्या बाकावरची मुलगी चार दिवस शाळेत नाही.

एल्फित्रीचं काहीतरी बिनसलंय. तळलेल्या माशाचा वास आला की तोंडाला ओढणी लावून मागे जाते. भात टाकते, आणि कच्ची कैरी तिखटमीठ लावून खाते. बिचारी, काळजीनं तोंडाची चव गेली असणार. मी तिला लिंबाचं सरबत करून दिलं.

दुपारी स्वयंपाकघरातून दोघांचे आवाज आले. अफ्रिझोन म्हणत होता, "मी इथं परका माणूस आहे, माझ्यानं कसं होणार? तूच विचार परत." एल्फित्री म्हणाली, "दोनदा विचारलं. आणखी किती वेळा विचारू? अपमान होतो त्यांचा." मग ती रडली. कुणाला विचारायचं होतं, कोण जाणे. दुकानाच्या जागेचं काही असेल. मी खोकलो आणि खोलीत निघून आलो.

१८ सप्टेंबर, मंगळवार

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवतो, एक शब्द न गाळता.

एल्फित्री बाजाराला गेली होती. बालकेंद्रात काम करणारी रोसदाइनी आली. माझीच विद्यार्थिनी, आता पन्नाशीला टेकली. तोंडाची फटकळ, तेव्हाही होती. चटईवर बसली, चहा नको म्हणाली.

"गुरुजी, एक विचारते. रागावणार नाही ना? रागावलात तरी विचारणारच आहे."

"विचार की."

"पोरांना लस द्यायला तुमची हरकत काय आहे?"

"माझी?" मी हसलो. "माझी कसली हरकत? मला विचारतंय कोण?"

रोसदाइनी माझ्याकडे बघतच राहिली. "सहा आठवडे विचारतायत की हो!"

"कोण?"

"कोण म्हणजे? कागद चहाबरोबर कुणी आणून दिला? भाची मामापुढे चहा आणि केळी घेऊन कागद ठेवते, ती कशाला ठेवते? तुम्ही काय केलंत?"

"कविता म्हटली," मी म्हणालो.

"जावई हात धुऊन पुढ्यात बसला. तेव्हा?"

"देवीच्या लशीची गोष्ट सांगितली."

"आणि ईदेला पाच घरच्या भाच्या पोरं मांडीवर घेऊन भोवती बसल्या. तेव्हा?"

"नासलेल्या दुधाची..." मी पुटपुटलो.

"अहो गुरुजी, मोठ्या माणसानं विषय बदलला म्हणजे काय झालं, हे मी तुम्हाला शिकवू? सगळ्या गावात झालंय, जमारिस मामांना लस मान्य नाही. मामा काही बोलले नाहीत, म्हणजे नाही म्हणाले."

मी म्हणालो, ते आईबाप आहेत, त्यांनी ठरवावं, मी कोण? सत्तावन्न वर्षांपूर्वीची ट्रंकही मध्ये आणली. तिनं ऐकून घेतलं.

"छान विचार आहे. पण हे तुम्ही त्यांना सांगितलंत का? 'बाबांनो, तुम्ही ठरवा, माझी ना नाही,' एवढं तरी? अफ्रिझोन ठरवेल? उद्या पोराला साधी सर्दी झाली तरी तुमचंच कूळ म्हणेल, परक्यानं आमच्या पोरांत काय भरलं. एल्फित्री ठरवेल, तर मामाच्या मनाविरुद्ध वागली. तुमच्या मामानं बोलून अडवलं, तुम्ही न बोलता अडवलंत. फरक काय?"

मी दंडावरचा वण चोळत राहिलो.

"आणि ती कच्च्या कैऱ्या का खाते, तेही कळलं नसेलच."

"काळजीनं..."

"दिवस गेलेत तिला, गुरुजी! दुसरा महिना. आता तिला ही लस देता येत नाही. घरातली दोन पोरं रुबेला घेऊन आली, तर तो जाणार कुठे? तिच्या पोटात."

मग तिचा आवाज खाली आला. "माझी मेल्दा पोटात होती तेव्हा माझ्या अंगावर पुरळ आलं होतं. दोन दिवस. केळी तळताना चटका बसावा इतकंच. विसरूनही गेले होते. तुमच्या वर्गात होती ती दोन वर्षं, आठवते?"

आठवते म्हणजे काय! पहिल्या बाकावर बसायची. मी कविता म्हणू लागलो की तिची नजर माझ्या तोंडावरून ढळायची नाही.

"तिच्या प्रगतिपुस्तकात तुम्ही लिहिलं होतं, 'वर्गात हिच्याइतकं कान देऊन ऐकणारं कुणी नाही.' अजून आहे माझ्याकडे." रोसदाइनी म्हणाली. "ती तुमचे ओठ बघत होती, गुरुजी. चौथीत गेल्यावर मोठ्या दवाखान्यात कळलं. तिला काही ऐकू येत नव्हतं. पोटात असतानाच रुबेलानं कान नेले होते."

कोंबडी अंगणात काहीतरी टोचत होती. मी तिच्याकडे बघत बसलो.

"माझ्या पोरीचं वाईट नाही चाललंय," रोसदाइनी उठता उठता म्हणाली. "तिच्या भरतकामाला पायाकुंबुहच्या बाजारात मागणी आहे. मला तिची दया नकोय. पण टाळता येतंय ते टाळायचं नाही? शनिवारी शेवटची फेरी आहे. मग ही मोहीम बंद."

१९ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर कुठे गेलो नाही. मेल्दापुढे दोन वर्षं कविता म्हणत होतो. आवाज चढवत, उतरवत. मला वाटायचं, हीच एक खरी ऐकणारी.

मनातला खडा अजून तिथेच आहे. लस पूर्ण शुद्ध आहे असं मला वाटत नाही, मंडळानंही म्हटलेलं नाही. पण परवानगी दिली आहे. कारणही दिलं आहे, आणि ते कारण आता माझ्याच घरात कैऱ्या खातंय. मंडळाचा कागद चौथ्यांदा वाचला. मग घडी घालून ठेवून दिला. आता वाचून आणखी काही मिळणार नाही.

अडलंय ते लशीपाशी नाही. मी बोललो आणि पोरांना काही झालं, तर ते माझ्यावर येईल. न बोलणारा माणूस कशालाच बांधलेला नसतो. सत्तावन्न वर्षं ज्याला मी मोठेपणा म्हणत होतो, त्यात थोडी ही सोयही होती.

२० सप्टेंबर, गुरुवार

दुपारच्या जेवणाला दोघांना बसवलं. नाझिरा होती, रफ्की मांडीवर. पाण्याचा घोट घेतला आणि यमकाच्या वाटेला न जाता बोललो.

"शनिवारी दोन्ही पोरांना लस द्यायची. मी सांगतोय म्हणून द्यायची. माझं मन पूर्ण स्वच्छ नाही, ते मी लपवत नाही. पण परवानगी आहे आणि गरज आहे. चूक असेल तर वर गेल्यावर जाब मी देईन. ताप आला तर शिव्या मला द्यायच्या, अफ्रिझोनला कुणी एक शब्द बोलायचा नाही. कुळात कुणी विचारलं तर म्हणायचं, मामानं सांगितलं."

मग मी म्हणालो, "आणि आधीच बोलायला हवं होतं. चुकलो."

मोठ्या माणसानं असं म्हणायची आमच्याकडे रीत नाही. एल्फित्रीनं मान खाली घातली. "मामा, भात वाढू?" म्हणाली, आणि माझ्या ताटात इतका भात वाढला की दोन माणसं जेवली असती. अफ्रिझोन हात धुवायला म्हणून उठला. नळ बराच वेळ वाहत राहिला. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

"मामा, खरं सांगू? मला वाटलं मी किनाऱ्यावरचा, म्हणून तुम्ही माझ्याशी सरळ बोलत नाही."

"अरे, मी कुणाशीच सरळ बोलत नाही," मी म्हणालो. "तुला एकट्याला कशाला मान देऊ?"

एल्फित्री ओढणीआड हसली. किती दिवसांनी!

२२ सप्टेंबर, शनिवार

गावच्या सभाघरात गेलो. मी पुढे, मागे नाझिराचा हात धरून अफ्रिझोन. रफ्की त्याच्या खांद्यावर. रोसदाइनीनं एल्फित्रीला घरीच थांबायला सांगितलं होतं, गोवरवाली पोरं आसपास नकोत म्हणून.

पायरीशी पोचलो आणि थबकलो. बाकावर यास्नेली होती. तिच्या शेजारी बाकीच्या भाच्या, आपापली पोरं घेऊन. कुणाच्या डोक्याला तेल चोपडलेलं, कुणी ईदेचे कपडे घातलेले. परवा दुपारी एल्फित्रीनं फोन केला होता म्हणे सगळ्यांना. फक्त एवढंच सांगितलं, मामा बोलले.

मी पोरं मोजली. आमची दोन धरून अकरा. अकरा पोरं माझ्या कवितांपायी अडून राहिली होती!

"या गुरुजी," रोसदाइनी मोठ्यानं म्हणाली. "तुमचाच वर्ग भरलाय. हजेरी घ्या."

नाझिरा पहिली. नर्सनं दंड पुसला. मला वाटलं, जुन्या रीतीनं एक कडवं म्हणावं. तोंड उघडलं, तेवढ्यात नाझिरा म्हणाली, "आजोबा, नंतर. मला बघायचंय सुई कशी जाते ते." तिनं डोळे उघडे ठेवून बघितलं. रडली नाही. रफ्कीनं मात्र सभाघर डोक्यावर घेतलं. त्याच्याबरोबर अफ्रिझोनही रडला, पण त्यानं घाम पुसल्यासारखं केलं.

२३ सप्टेंबर, रविवार

रफ्कीचं अंग कोमट. एल्फित्रीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बघतेस काय? दे शिवी." ती म्हणाली, "म्हातारे झालात, आता काय देणार तुम्हाला." संध्याकाळपर्यंत ताप उतरला. पोरगं चमचा आपटत बसलंय.

१४ एप्रिल २०१९, रविवार

बरेच दिवस वही उघडली नाही. गावभर निवडणुकीचे फलक लागलेत, पण आमच्या घरात कुणाचं तिकडे लक्ष नाही. मंगळवारी एल्फित्रीला मुलगी झाली. मुलगी! घर पुढे चालवणारी आणखी एक आली. बायकांची रीघ लागली आहे, हंडे चढलेत.

आज रोसदाइनी आणि मेल्दा आल्या. मेल्दानं बाळासाठी टोपरं भरून आणलं होतं, कडेनं बारीक पिवळी फुलं. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि काय करावं ते कळेना. बोलायचं होतं ते ओठांवर येईपर्यंत जड झालं. शेवटी हळूहळू, ओठ नीट हलवत म्हणालो, "मला माहीत नव्हतं." ती माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी तेव्हासारखी. मग तिनं हसून हात हलवला, जाऊ द्या म्हणून, आणि टोपरं माझ्या हातात दिलं. बाळाच्या डोक्यावर मीच घातलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात नाझिराच्या हातून हंड्याचं झाकण पडलं. फरशीवर गरगरत गेलं, एवढा आवाज की कोंबड्या उडाल्या. अंथरुणावरची पोरगी दचकली. दोन्ही हात फाकले, मुठी उघडल्या, पुन्हा मिटल्या.

"अगं, सांभाळून!" एल्फित्री ओरडली.

रोसदाइनी बाळाशेजारी वाकली होती. ती तशीच राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "नाझिरा, परत पाड."

"काय?"

"झाकण. परत पाड, बाळा."

नाझिरानं आमच्याकडे बघितलं. मी मान डोलावली. झाकण पडलं.

मेल्दा बाळाकडेच बघत होती. झाकण पडलं ते तिला बाळाच्या हातांवरून कळलं. तिनं आईचा खांदा हलवला, स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग बाळाकडे दाखवलं, आणि दोनदा मान डोलावली.